नकार कुणी दिला?

मार्चअखेर असते, ताळेबंद सामायिक ड्राइव्हवर असतो, आणि फाइल उघडायला गेलं की पडद्यावर येतं ‘ॲक्सेस डिनाइड’. मग आयटी विभागाला फोन जातो : “साहेब, सगळ्यांना सगळे राइट्स देऊन टाका, पण काम अडवू नका.” मला आज याच विनंतीच्या विरोधात बोलायचं आहे. नकार आला की आधी शोधायचं, तो दिला कुणी? ते कळलं की दुरुस्ती बहुधा छोटी असते.

विंडोज सर्व्हरवर नेटवर्कवरून येणाऱ्याची तपासणी दोनदा होते. वाड्याला दिंडी दरवाजा असतो आणि आतल्या खोलीला वेगळं कुलूप, तसंच हे. दिंडीवर शेअर परमिशन, खोलीवर एनटीएफएस परमिशन, म्हणजे फोल्डर आणि फाइलींवरचे अधिकार. या दोहोंत जिथे अधिकार कमी, तोच लागू होतो. फोल्डरवर लिहायची मुभा आहे पण शेअरवर फक्त वाचायची, तर नेटवर्कवरून फक्त वाचता येतं. प्रत्यक्ष सर्व्हरवर बसून तोच फोल्डर उघडणाऱ्याला मात्र शेअर परमिशन आडवी येत नाही. “इथे तर उघडतंय” असं तो सांगतो. त्याचंही खरं असतं आणि तक्रार करणाऱ्याचंही.

दिंडी आणि कुलूप दोन्ही ठीक असतील, तर ग्रुप पाहावा. नव्यानं रुजू झालेल्या बाईंना सकाळी लेखा विभागाच्या ग्रुपमध्ये घातलं, तरी दुपारी फोल्डर उघडत नाही. कारण आपण कोणकोणत्या ग्रुपात आहोत, याची नोंद लॉगिनच्या वेळी तयार होते. त्यांनी लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करावं, एवढाच उपाय असतो. तसंच, एखादी व्यक्ती दोन ग्रुपांत असेल आणि त्या फोल्डरवर एका ग्रुपला मुभा, तर दुसऱ्याला स्पष्ट मनाई असेल, तर मनाई वरचढ ठरते. म्हणून ‘डिनाय’ची खूण फार जपून करावी.

फाइल कुठून आली, हेही विचारावं. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरचे नियम घेते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल सहसा जुनेच नियम घेऊन येते. एका फोल्डरातल्या दहा फाइली उघडतात आणि अकरावी उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ही तक्रारही नेहमीची. वर्ड सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग ती जुन्या फाइलच्या जागी आणतं. त्यासाठी त्या फोल्डरात नवी फाइल करण्याचा आणि जुनी पुसण्याचा अधिकार लागतो. नुसतं ‘राइट’ पुरत नाही, ‘मॉडिफाय’ लागतं.

हे सगळं अंदाजानं करायची गरज नाही. फोल्डरच्या ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ आहे. तिथे व्यक्तीचं नाव दिलं की तिला काय करता येतं, ते दिसतं.

एवढा खटाटोप कशाला, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिलं की संपलं, असं वाटेल. पण रॅन्समवेअर ज्याच्या संगणकात शिरतं, सहसा त्याच्याच अधिकारानं वावरतं. त्या माणसाला साऱ्या ड्राइव्हवर लिहिता येत असेल, तर सारा ड्राइव्ह कुलूपबंद होऊ शकतो. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणाची तत्त्वं मांडली. त्यांतली दोन आजही पाठ असावीत : प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा, आणि मुभा दिलेली नसेल तिथे नकार गृहीत धरावा.

पण हा अधिकार ठरवायचा कुणी? पगाराची फाइल कुणी पाहावी, हे आयटीच्या माणसावर सोडणं त्याच्यावरही अन्याय आहे. ते विभागप्रमुखानं ठरवावं आणि आयटीनं अमलात आणावं. अधिकार नावानं न देता ग्रुपला द्यावेत, म्हणजे बदली झाली की ग्रुपमधून नाव काढलं, काम झालं. आणि वर्षातून एकदा विभागप्रमुखानं ग्रुपमधल्या नावांची यादी स्वतः वाचावी.

तुमच्या कार्यालयात ही यादी कुणाच्या सहीनं बदलते, हे उद्या जरूर विचारा. सही कुणाचीच नसेल, तर ती मागा.