दारापर्यंत पोहोचणारे आरोग्य



मुंबईत धारावीपासून शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अगदी जवळ आहे. तरीही वस्तीतला आजार तेथे पुष्कळदा उशिरा पोहोचतो. रोजंदारीवर जगणाऱ्याचा केसपेपरच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. हे अंतर तोडण्याचे काम आरोग्य स्वयंसेविका करते.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हा मार्ग दाखविला. पुढे १९९९ मध्ये शीव रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागाचा अनुभव घेतलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन करून मुंबईच्या वस्त्यांत माता-बालकांसाठी कार्य आरंभिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने साधारण एक हजार ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ सेविका हे सूत्र शहरांतील गरीब वस्त्यांसाठी स्वीकारले.

या सेविकेचे मोल क्षयरोगात विशेष कळते. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो आणि बरे वाटले म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. शिल्लक राहिलेले जंतू पुन्हा बळावतात. मग ते नेहमीच्या औषधांना दाद देतीलच असे नाही. कोंदट खोलीत त्याचा धोका साऱ्या कुटुंबाला असतो. सेविका त्याच गल्लीत राहणारी. नळाला पाणी केव्हा येते, कोणती सून माहेरी धाडले जाण्याच्या भीतीने आजार लपविते, हे ती जाणते. म्हणून दारात ती रोगाचे नाव उच्चारीत नाही. आत बसून गोळ्या मोजते व घरातील इतरांना तपासणीस पाठविते.

२०२० च्या कोरोनाकाळात अशाच सेविका धारावीच्या गल्ल्यांतून घरोघर फिरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशातील ‘आशा’ सेविकांना गौरविले. मात्र गौरवाने चूल पेटत नाही. त्यांच्या पदरी वेतन नव्हे, मानधन व कामागणिक मोबदला पडतो.

समाजाला येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ योजनेत कोणतीही संस्था क्षयरुग्णांच्या पोषक आहाराचा भार उचलू शकते. रिकाम्या पोटी गोळ्या सोसत नाहीत, हे सेविकेला रोज ऐकावे लागते. तिच्या पिशवीत औषधासोबत डाळ-धान्यही असेल, तर सहावा महिना गाठणारे रुग्ण वाढतील.