कळावे की न कळावे?



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण तो आमच्या घरात शिरलेला आहे.

आमची आई गेल्या वर्षी गेली. शेवटची सहा वर्षे तिला स्मृतिभ्रंश होता. रेशनकार्ड पिठाच्या डब्यात ठेवायची, आम्हाला मामाच्या नावाने हाक मारायची. मामाला जाऊन वीस वर्षे झाली होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या रात्री आम्ही भावंडे ओट्यावर बसलो होतो. धाकटा म्हणाला, "दादा, लाळ तपासून या आजाराचा धोका कळतो म्हणे. आपण तिघे करून घेऊ." ताई म्हणाली, "मला नको सांगू. कळून मी काय करू? रोज मरू?" दोघांचेही आम्हाला पटले आणि तिथेच आमची पंचाईत झाली. मग आम्ही वाचायला बसलो.

आपल्या १९ व्या गुणसूत्रावर एपीओई नावाचे जनुक असते. त्याचा 'ई ४' हा प्रकार असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका जास्त असतो, हे १९९३ साली अमेरिकेत लक्षात आले. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात. एक प्रत ई ४ असली तर धोका वाढतो, दोन्ही असल्या तर पुष्कळच वाढतो. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. ई ४ असूनही कित्येकांना आजार होत नाही, आणि नसूनही कित्येकांना होतो.

माणसे याकडे कशी पाहतात? डीएनएच्या रचनेच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ साली वाचला गेला. त्यांनी सगळे जाहीर करू दिले, फक्त एपीओईचा भाग झाकून ठेवायला सांगितले. त्यांच्या आजीला हा आजार होता. एवढा मोठा शास्त्रज्ञ आमच्या ताईसारखाच बोलला!

उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या 'रिव्हील' नावाच्या अभ्यासात आई किंवा वडिलांना अल्झायमर झालेल्या १६२ निरोगी माणसांपैकी काहींना निकाल सांगितला, काहींना सांगितला नाही. २००९ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात निकाल कळलेल्यांची चिंता किंवा खिन्नता इतरांपेक्षा फारशी वाढली नव्हती. ई ४ नसल्याचे कळले त्यांचा जीव भांड्यात पडला. मात्र ही माणसे स्वखुशीने आलेली होती आणि त्यांना जाणकारांनी समोर बसवून सारे समजावून सांगितले होते. नुसता कागद हाती पडणे वेगळे.

२०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की आपल्याला ई ४ आहे हे ठाऊक असलेल्या वयस्कांनी आपली स्मरणशक्ती अधिक वाईट ठरवली. एका चाचणीत ते, ई ४ असूनही ते ठाऊक नसलेल्यांपेक्षा मागे पडले. म्हणजे कळण्याचाही भार असतो.

आणखी एक गोष्ट, आमच्या धंद्याजवळची. अमेरिकेत २००८ सालच्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यातून सुटले. म्हणजे आजार नसताना केवळ शक्यतेवरून माणसाला बाजूला काढण्याची वाट उरली. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाचे मोल ठरवणे काय असते, हे या सभागृहात आम्ही सांगायला नको.

शेवटी आम्ही भावंडांनी काय ठरवले? तपासणी ज्याला करायची त्याने करावी. पण ताईला विचारल्याशिवाय निकाल घरात बोलू नये. कारण रक्त एकच आहे, एकाचा कागद दुसऱ्याबद्दलही थोडे बोलतो. आम्ही स्वतः तूर्त तपासणी केलेली नाही. निकाल कोणताही आला तरी करायचे तेच आहे, असे आम्हाला वाटले. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकटेपणा, अपुरे शिक्षण अशी चौदा कारणे आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील. म्हणून आम्ही चालायला लागलो. ताईने कानाचे यंत्र घेतले, जे ती लाजेने टाळत होती.

आणि एक कबुली. आम्ही बँकेत असूनही आईच्या खात्यावर वारसाचे नाव लावले नव्हते. पुढे तिची सही जुळेना. आम्ही काउंटरच्या आत, आई बाहेर, आणि तिचेच पैसे तिला देता येईनात. तो दिवस आम्ही विसरणार नाही. म्हणून सांगतो, जनुक तपासा किंवा तपासू नका. पण शुद्ध शाबूत आहे तोवर वारसाचे नाव लावा, मृत्युपत्र करा आणि आपली काळजी कोणी, कशी घ्यावी हे मुलांशी बोला. त्याला लाळेचा नमुना लागत नाही.