प्लॉट विकून दुबईचा व्हिसा?

आम्ही बजाजनगरच्या बचत गटातून बोलतोय.

जुलै २०२५ ची गोष्ट. मासिक बैठकीत एका ताईंनी ५० हजारांचं कर्ज मागितलं. म्हणाल्या, "पोराच्या दुबईच्या गोल्डन व्हिसाचं टोकन भरायचंय. एकदा २३ लाख भरले की जन्मभर राहता येतं. बाकीचे पैसे प्लॉट विकून देऊ."

तो प्लॉट नवरा-बायकोनं वाळूजच्या कंपन्यांत ओव्हरटाइम करून घेतलेला. ताईंचा हप्ता कधी चुकला नव्हता, म्हणून आम्ही कर्ज मंजूर करायलाच निघालो होतो. एकीनं म्हटलं, आठवडाभर थांबू. बरं झालं थांबलो.

एक लाख दिरहममध्ये जन्मभराचा व्हिसा, ही बातमी तेव्हा सगळीकडे होती. मग संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी प्राधिकरणानंच खुलासा केला, की असं काही नाही.

मग खरं काय? तिथं मालमत्ता घेऊन गोल्डन व्हिसा मिळतो, पण ती किमान २० लाख दिरहमची लागते. म्हणजे साडेचार कोटी रुपयांच्या वर! व्हिसाही १० वर्षांचा. अटी पाळल्या तर पुढे वाढतो. नागरिकत्व त्यातून मिळत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच पैसे बाहेर पाठवता येतात. ही वाट मोठ्या गुंतवणूकदारांची आहे, आपली नाही.

आपल्या पोरांची वाट नोकरीच्या व्हिसाची. तो तिथला मालक काढतो आणि तिथल्या कायद्यानं त्याचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. इथला एजंट भारत सरकारकडे नोंदलेला हवा. ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर त्याचं नाव तपासा. त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. "व्हिजिट व्हिसावर जा, काम तिथं बघू," म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ताईंचा प्लॉट वाचला. पोरगा अजून दुबईचं नाव काढतो. जाऊ दे की, पण नोकरीचा करार हातात घेऊन. आम्ही मात्र गटात ठराव केलाय: परदेशासाठी कर्ज हवं असेल तर आधी कागद बैठकीत वाचायचा, मगच पैसे.

मैत्रिणींनो, घर-प्लॉटच्या कागदावर सही करण्याआधी तुम्हीही चारचौघींत तो वाचून घ्या. विचारायला लाजू नका.