मनाच्या थकव्याची रजा
(शहपुरा, जबलपूर येथील भाषण)



ताप आला तर आपण अर्जावर 'ताप' लिहितो. सलग रात्रपाळ्यांनी झोप उडाली, छाती धडधडू लागली, तर लिहितो 'घरगुती काम'! आपण लाजतो कशाला? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरले आहे. एका दिवसाला सी.एल. आहे. अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते. डॉक्टरी दाखल्यावर ती दुप्पट वजा करून पूर्ण पगारी करता येते. पण मंजुरी मागितली की उत्तर ठरलेले: माणसे नाहीत. म्हणून रिक्त जागा भरा, ही आपल्या झोपेचीही मागणी आहे. तोवर टेलिमानसचा मोफत क्रमांक 14416 पाकिटात ठेवू या. गप्प झालेल्या सोबत्याला तो बाजूला घेऊन देऊ या, चारचौघांत नको.