शैली मागणाऱ्यांना उत्तर

(बालाघाट येथील मराठी साहित्य व कला मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

नव्या कलावंताला हल्ली सर्वांत आधी जो सल्ला मिळतो तो असा, की त्याने स्वतःची वेगळी शैली लवकरात लवकर ठरवून टाकावी, एखादे लहानसे क्षेत्र आपल्या नावावर करून घ्यावे आणि मग त्याबाहेर पाऊल टाकू नये. चित्रकाराला हा सल्ला चित्रविक्रेता देतो, कवीला संपादक देतो, गायकाला कार्यक्रमाचा आयोजक देतो, आणि तिघांचाही सूर हितचिंतकाचा असतो. आजच्या या अध्यक्षपीठावरून त्या सल्ल्याला उघड विरोध नोंदवला जात आहे. शैली, म्हणजे कलावंताच्या निवडीतून आणि नकारांतून त्याच्या कृतीला येणारे वळण, ही पुष्कळ काम झाल्यावर मागे वळून पाहिले असता दिसणारी गोष्ट आहे. ती आधी ठरवून तिच्या मापाने काम बेतू लागले की कलावंत स्वतःचीच नक्कल करू लागतो, आणि ही नक्कल दुसऱ्या कुणाच्या नकलेपेक्षा वाईट, कारण ती पकडली जात नाही.

बालाघाटात तर हा सल्ला अधिकच घातक ठरतो, कारण येथे क्षेत्र निवडण्याचा अधिकारसुद्धा कलावंताकडे राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी ती भोपाळ झाली, आणि सुमारे चाळीस किलोमीटरवरचे गोंदिया दुसऱ्या राज्यात गेले. तेव्हापासून वैनगंगेकाठी मराठीत किंवा पोवारीत लिहिणारा माणूस दोन्हीकडच्या साहित्यव्यवहारात पाहुणा ठरला, आणि पाहुण्याकडून जी अपेक्षा असते तीच त्याच्याकडून केली जाऊ लागली: त्याने आपल्या मुलखाची चव तेवढी आणावी. मराठी मासिकाला त्याच्याकडून साल वृक्षांचे रान, कान्ह्याचा वाघ आणि बोलीतले चार शब्द हवे असतात. त्याच लेखकाने मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतील कंत्राटी कामगाराच्या घरातला अबोला लिहिला, किंवा काळ या कल्पनेवर दीर्घ कविता लिहिली, तर मजकूर चांगला आहे पण त्यात प्रदेश दिसत नाही, असा अभिप्राय येतो. ही अपेक्षा प्रेमाने व्यक्त केली जात असली तरी तिचा परिणाम कोंडमाऱ्याचाच होतो.

या प्रश्नाची खरी परीक्षा बालाघाटपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यात आणि तेथून भोपाळला गेलेल्या एका चित्रकाराच्या घरात झालेली आहे. तेव्हाच्या मंडला आणि आताच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ या गावात १९८१ च्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी पाठवलेल्या पथकाला एका भिंतीवरचे चित्र दिसले. ते काढणारा तरुण म्हणजे जनगढ सिंह श्याम. तो परधान समाजातला होता, म्हणजे गोंड यजमानांच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशावळी आणि देवांच्या कथा गाणाऱ्या परंपरेतला. १९८२ मध्ये भोपाळला उघडलेल्या भारत भवन या कलाकेंद्रात त्याला कागद, शाई, रंग आणि छापयंत्रे मिळाली. ज्या देवांना तोवर गाण्यात रूप होते, त्यांना चित्रात कसे बसवायचे याचा तयार नमुना त्याच्यापुढे नव्हता. त्याने बाह्यरेषा काढली आणि आतली मोकळी जागा ठिपक्यांच्या रांगांनी भरली. गोंदणाच्या खुणा आणि भिंती-जमिनीवरच्या ढिगना या आकृत्यांशी त्या भरावाचे नाते जाणकार सांगतात. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रे होती, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या भोपाळच्या विधानभवनात त्याची भित्तिचित्रे आहेत, आणि २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्याने जीवन संपवले. त्याच्या वाटेला आज जनगढ कलम म्हणतात. कलम म्हणजे चित्रकारांची हाताळणीची परंपरा.

या कलमात एक शिस्त आहे, तिच्याकडे जवळून पाहिले पाहिजे. हरणाची किंवा झाडाची बाह्यरेषा झाली की आतला भराव प्रत्येक चित्रकार स्वतःच्या खुणेने करतो: कुणी माशाच्या खवल्यांसारख्या कमानी एकीला एक लावून, कुणी पावसाच्या तिरप्या रेघांनी, कुणी बियांच्या आकाराच्या टिंबांनी. दुसऱ्याची खूण उचलणे बरे मानले जात नाही. वेगळ्या शैलीचे समर्थक येथे लगेच टाळी वाजवतील, पण त्यांनी थोडे थांबावे. ही खूण हा चित्राचा विषय नव्हे, त्याची सीमाही नव्हे; एकाच घरात, एकाच अंगणात बसून काम करणाऱ्यांनी परस्परांचा मान राखण्यासाठी पाळलेली ती मर्यादा आहे. जनगढ स्वतः शाईपासून छापचित्रांपर्यंत आणि मातीच्या उठावकामापर्यंत फिरत राहिला. खुणेला साच्याचे रूप आले ते बाजाराने, ज्याला भिंतीवर टांगायला ओळखू येणारे हरीण हवे होते आणि हरणाच्या शिंगांतून उगवलेले झाड तर हवेच होते.

त्या बाजाराला सर्वांत सडेतोड उत्तर त्याच पाटनगढच्या भज्जू श्याम यांनी दिले. भोपाळला येऊन रात्रपाळीची रखवालदारी केलेल्या आणि नंतर जनगढच्या हाताखाली काम शिकलेल्या या चित्रकाराला २००२ मध्ये एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला नेले गेले. नेणाऱ्यांना जंगल हवे होते. परत आल्यावर त्यांनी लंडनच रंगवले, आणि ते चित्रपुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले: भुयारी रेल्वे हे जमिनीखालून सरकणारे गांडूळ झाले, वेळ सांगणाऱ्या बिग बेनला पहाट सांगणारा कोंबडा जोडला गेला, आणि ठरल्या वाटेने येणारी बस हा इमानी कुत्रा झाला. विषय पूर्ण परका आणि नजर पूर्ण पाटनगढची. नेमून दिलेल्या क्षेत्राची कुंपणे मोडल्यावरच ती नजर किती पल्ल्याची आहे हे जगाला कळले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती आज्ञाधारक जंगलचित्रांच्या जोरावर मिळाली असे कुणी म्हणू धजणार नाही.

मराठी श्रोत्यांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते याच राज्यातील देवास या गावात आहे. बेळगाव जिल्ह्यात १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा लहानपणी नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात असे, म्हणजे स्वतःची म्हणावी अशी शैली त्याच्याकडे मुळीच नव्हती. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे तो शिकला, आणि देवधर हे अनेक घराण्यांची विद्या गोळा केलेले गुरू होते. घराणे म्हणजे गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली गायकीची शिस्त. पुढे क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये हाच गायक, म्हणजे कुमार गंधर्व, देवासला आला, काही वर्षे गाणे बंद राहिले, आणि त्या सक्तीच्या शांततेत माळव्याच्या बायकांची गाणी कानांवर पडत राहिली. त्यांतून धुनउगम राग, म्हणजे लोकधुनेतून उगवलेले राग, निघाले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ छापला गेला. घराणे सोडले म्हणून सनातन्यांनी दोष दिला. पण ज्याचा एक स्वर ऐकून गायक ओळखावा, त्याच माणसाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम करून दुसऱ्याची गायकी आपल्या गळ्यात तपासली, ऋतूंवरचे गीतसमूह बांधले, तुकारामाचे अभंग गायले. त्याला लहानपणीच कुणी आपले क्षेत्र ठरवायला सांगितले असते आणि त्याने ऐकले असते, तर मराठी संगीत किती दरिद्री राहिले असते याचा विचार सल्लागारांनी करावा.

सय्यद हैदर रझा यांच्या बिंदूचा दाखला येथे हटकून दिला जातो. मंडल्याच्या परिसरात बालपण गेलेल्या या चित्रकाराने एकच वर्तुळ घेऊन कीर्ती मिळवली, असा तो युक्तिवाद असतो. वस्तुस्थिती अशी, की १९५० मध्ये फ्रान्सला गेलेले रझा सुमारे तीन दशके निसर्गदृश्ये रंगवत होते, १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा पुरस्कारही त्यांना त्याच काळात मिळाला, आणि बिंदू त्यानंतर आला. पुढील काळात त्यांनी बिंदूची पुनरावृत्ती केली हे मान्य केलेच पाहिजे. तोच भाग अनुकरणीय ठरवणे ही मात्र आळशी समज आहे.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो हलका नाही. पूर्व विदर्भातील वडसा येथील झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतरच्या हंगामात प्रेक्षकाला रुचेल तेच नाटक उभे करतात, कारण त्यावर अनेक घरे चालतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. उपजीविकेसाठी ओळखीचे काम करावे, त्याची लाज बाळगू नये. आक्षेप आहे तो त्या कामालाच कलावंताची पूर्ण ओळख ठरवणाऱ्यांवर, कारण त्यांचे पोट त्यावर अवलंबून नाही. त्यांना केवळ वर्गीकरणाची सोय हवी आहे.

म्हणून या मेळाव्याच्या आयोजकांकडे आणि येथे उपस्थित असलेल्या संपादकांकडे स्पष्ट मागणी आहे. चित्रस्पर्धांना जंगल, वाघ आणि आदिवासी जीवन हे विषय नेमून देणे थांबवावे. पोवारीतील लेखन बोलीविशेषांकापुरते राखून न ठेवता नेहमीच्या अंकात, इतर कवितांच्या शेजारी छापावे. गोंड किंवा बैगा चित्रकाराला बोलावताना त्याचे अलीकडचे काम पाहावे, आणि ते ओळखीचे दिसले नाही तर तेच आधी भिंतीवर लावावे.