किल्ली अडली म्हणून काम अडायला नको

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, महाळुंगे येथे केलेले बोलणे)



आज कर्ज, बचत, परतफेड या विषयांवर मी बोलणार नाहीये. आज बोलायचंय गाडीच्या किल्लीवर. हसू नका! आत्ता बाहेर किती स्कूट्या लावल्यात ते बघून या. पाच वर्षांपूर्वी आपण सभेला सहा आसनी नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून यायचो. आता कुणी कंपनीत शिफ्टला जातं, कुणी डबे पोचवतं, कुणी बँकेत भरणा करायला चाकणला जातं. बऱ्याच जणींनी गाडी गटाच्या कर्जातून घेतलीय. म्हणजे गाडी बंद पडली की फेरी बुडते आणि फेरी बुडली की हप्ता अडतो.

आधी माझीच चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात महिनाभर माझ्या गाडीची किल्ली जड फिरत होती. मी रोज जोर लावून फिरवायचे. एका संध्याकाळी गटाची बैठक आटोपून निघाले, जोर लावला आणि किल्ली कट्कन मोडली. अर्धी हातात, अर्धी लॉकमध्ये. डिकीत तीन गटांचे कर्जाचे कागद, बाहेर पाऊस, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रकांची रांग. त्याच जुडग्यात एका गटाच्या पेटीची किल्लीसुद्धा होती. खरं तर ती माझ्याकडे असायलाच नको होती. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे हा नियम मीच तुम्हाला शिकवते. त्या दिवशी मला दोन धडे मिळाले.

गॅरेजवाल्याने सांगितलं, पूर्ण लॉकसेट बदलावा लागेल. पण आपल्याच एका गटातल्या ताई लेथच्या वर्कशॉपमध्ये काम करतात. त्या म्हणाल्या, "अगं, आधी किल्लीवाल्याला बोलव." त्याने बारीक आकड्याने तुकडा ओढून काढला आणि घरातल्या दुसऱ्या किल्लीने लॉक चालू झालं. पुढची माहिती मी त्या ताईंकडून शिकले आणि स्वतः करून बघितली.

लॉकच्या आत पातळ पत्र्या असतात आणि त्यांना बारीक स्प्रिंगा असतात. किल्लीच्या खाचांमुळे सगळ्या पत्र्या एका रेषेत येतात, तेव्हाच लॉक फिरतं. आपल्याकडे एमआयडीसीच्या रस्त्यांवर धूळ किती ते तुम्हाला माहितीय. ती धूळ आत बसते, पावसाचं पाणी जातं आणि पत्र्या चिकटतात. जोर लावून त्या सुटत नाहीत, किल्ली मात्र पिळवटते.

म्हणून किल्ली अडली की या क्रमाने बघा.

पहिलं, हँडल लॉक आहे का? गाडी उतारावर किंवा हँडल ताणलेलं असेल तर लॉकच्या खिट्टीवर दाब येतो. एका हाताने हँडल डावी-उजवीकडे थोडं हलवत दुसऱ्या हाताने किल्ली हळू फिरवा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं.

दुसरं, घरातली दुसरी किल्ली लावून बघा. ती सहज फिरली तर लॉक चांगलं आहे, रोजची किल्ली झिजलीय. नवीन किल्ली करताना नमुना म्हणून न झिजलेली किल्ली द्या. झिजलेलीवरून केली तर नवीसुद्धा झिजलेलीच होणार.

तिसरं, दोन्ही किल्ल्या अडत असतील तर पंक्चरवाल्याकडे लॉकमध्ये हवा मारून घ्या. धूळ डोळ्यात जाते, तोंड बाजूला ठेवा. मग मुलांच्या दप्तरातली गडद शिसपेन्सिल घ्या आणि किल्लीच्या खाचांवर दोन्ही बाजूंनी घासा. किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, दर वेळी फडक्याने पुसा. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. ते कोरडंच घसरतं, त्यामुळे धूळ धरत नाही. त्याची पूड हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. तरीही फरक पडला नाही तर गंज सोडवायचा स्प्रे मारता येतो, पण पेन्सिल आणि स्प्रे एकाच वेळी नको, आत चिखल होतो.

खोबरेल तेल, इंजिन ऑइल, ग्रीस घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून लॉक आणखी जाम होतं. पक्कड लावून किल्ली फिरवू नका. तुकडा आत राहिला तर दुसऱ्या किल्लीने ढकलू नका आणि चिकटवायचा गोंद तर अजिबात नको. आणि किल्ली हलवली की दिवे जातात-येतात असं होत असेल, तर दोष स्विचच्या वायरिंगकडचा आहे. तिथे मेकॅनिकच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किल्ली निघायला त्रास होतो म्हणून काही जणी ती गाडीलाच ठेवून दुकानात जातात. असं करू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते. किल्ली गाडीलाच राहिली होती असं कळलं तर दावा अडू शकतो. गाडी गेली तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. लॉकला झाकण असेल तर गाडी लावल्यावर ते बंद करा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट लॉकवर मारू देऊ नका. जुडगं हलकं ठेवा. घर, कपाट, पेटी या सगळ्यांचं वजन लॉकवर लोंबकळत असतं. दुसरी किल्ली डिकीत नाही, घरात ठेवा.

तायांनो, आपल्या महाळुंग्यात मोटारसायकली तयार होतात. चाकणच्या कारखान्यात डॉमिनारसारखी मोठी गाडी महिलांच्या लाइनवर जोडली गेलीय. मग "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे आपण का ऐकून घ्यायचं? लॉकसेट बदला असं कुणी म्हटलं तर विचारा, "दुसरी किल्ली लावून बघितली का?" आणि बदललाच तर पक्कं बिल घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दुसरी किल्ली घेऊन या. सापडत नसेल तर आजच शोधायला लागा. आणि पेटीची किल्ली ज्यांच्याकडे असायला हवी त्यांच्याकडेच आहे का, हेही त्याच दिवशी बघू. माझ्यापासून सुरुवात करा.