वेगाचं घराणं आणि गावाचा ट्रॅक



मोटारशर्यतीच्या जगात काही आडनावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. ग्रॅहम हिल आणि त्यांचा मुलगा डेमन. केके रोझबर्ग आणि त्यांचा मुलगा निको. मारिओ आंद्रेत्ती, त्यांचा मुलगा मायकेल आणि नातू मार्को. आपल्या देशातही असं घराणं आहे. चेन्नईचे इंदू चंढोक, त्यांचे चिरंजीव विकी आणि नातू करुण, अशा तीन पिढ्या या खेळात रमल्या. कोइम्बतूरचे जी. आर. कार्तिकेयन रॅली गाजवणारे चालक होते आणि त्यांचा मुलगा नारायण 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. ही नावं ऐकली की आपण सहज म्हणतो, वेग यांच्या रक्तातच आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असं मला आज मांडायचं आहे. तो नुसता चुकीचा नाही, नागपूरसारख्या शहराला तो महागात पडणाराही आहे. कारण हा खेळ रक्तातच असावा लागतो असं एकदा मानलं, की ज्या शहरात तसं घराणं नाही त्या शहराने काही करायचं उरतच नाही.

आधी रक्ताचा दावा तपासू. फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा 1950 साली सुरू झाली. तेव्हापासून बाप आणि मुलगा दोघेही विश्वविजेते झाले, अशा जोड्या फक्त दोन आहेत. ग्रॅहम हिल 1962 आणि 1968 साली, डेमन 1996 साली. केके रोझबर्ग 1982 साली, निको 2016 साली. ऑस्ट्रेलियाचे जॅक ब्रॅबहम तीनदा विश्वविजेते झाले. त्यांची तिन्ही मुलं शर्यतीत उतरली आणि त्यांपैकी दोघांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यतही जिंकली, पण वडिलांचं जगज्जेतेपद घरात पुन्हा आलं नाही. उलट बाजूही पाहा. सात वेळा विश्वविजेता झालेल्या लुईस हॅमिल्टनचे वडील शर्यतपटू नव्हते. मुलाच्या कार्टिंगचा खर्च भागवण्यासाठी ते एकापेक्षा जास्त नोकऱ्या करत. मायकेल शूमाकरचे वडील गवंडीकाम करत आणि जर्मनीतल्या केर्पेन गावच्या कार्टिंग ट्रॅकची देखभाल पाहत. आई तिथलंच कँटीन सांभाळायची. त्या घरातले मायकेल आणि राल्फ हे दोघेही भाऊ फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचले. मग त्याच मायकेलचा मुलगा मिक आला. सात विश्वविजेतेपदांचं नाव आणि लागतील ती साधनं त्याच्या पाठीशी होती, तरी फॉर्म्युला वनमध्ये 2021 आणि 2022 असे दोनच हंगाम तो शर्यती धावू शकला. रक्तच निर्णायक असतं तर हे चित्र उलटं दिसायला हवं होतं. गवंड्याच्या मुलांना घरातून मिळाला तो रोज जाता येईल असा ट्रॅक, आणि गाडी खोलून पुन्हा जोडणारी माणसं. सगळ्यांत जास्त उपयोगी पडला तो हाच वारसा.

आता चंढोक घराण्याकडे याच नजरेने पाहू. इंदू चंढोक हे 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक. या क्लबने चेन्नईजवळच्या शोलावरम इथल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जुन्या विमानपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. देशभरच्या अशा क्लबांना एकत्र आणणारा महासंघ 1971 साली उभा राहिला, त्यातही इंदू चंढोक होते. पुढे याच क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःचा कायमचा ट्रॅक बांधला आणि 1990 मध्ये तो वापरात आला. विकी चंढोक रॅलीचे चालक होते, नंतर ते त्या महासंघाचे अध्यक्ष झाले. करुणने 2010 मध्ये हिस्पानिया संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केलं. आधी एकदाही चाचणी न झालेली ती गाडी त्याने पहिल्यांदा चालवली ती थेट पात्रता फेरीत. त्या वर्षीच्या दहा आणि 2011 मधली एक, अशा एकूण अकरा शर्यती तो धावला. त्यात त्याला एकही गुण मिळाला नाही. वारसा गुणांच्या तक्त्यावर मोजायचा तर चंढोक घराण्याच्या नावावर शून्य मांडावं लागेल. पण आजोबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला क्लब आणि ट्रॅक हा केवळ एका नातवापुरता नव्हता. गेली पस्तीस वर्षं देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं तिथे धावायला येत आहेत. या घराण्याचा खरा वारसा हा आहे. त्याचे वारसदार हजारो आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं आडनाव चंढोक नाही.

कोइम्बतूरच्या एस. करीवर्धन यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नवख्याला परवडेल अशी शर्यतीची गाडी मिळत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली आणि मारुती 800 चं इंजिन बसवून एकासनी गाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती या नावाने तिच्या शर्यती सुरू झाल्या. नारायण कार्तिकेयनची आणि करुण चंढोकची सुरुवातीची पावलं याच गाड्यांत पडली. करीवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले, पण भारतातली शर्यतपटूंची एक अख्खी पिढी त्यांचं देणं लागते. आपल्याकडे संगीतात हे सहज मान्य आहे. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावले आणि त्यांची गायकी त्यांच्या मुलांबरोबरच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून महाराष्ट्राने ऐकली. घराणं वाढलं ते शिष्यांमुळे. शर्यतीच्या घराण्याचंही तसंच आहे. ते वाढतं की विझतं, हे त्याने किती परक्या मुलांना शिकवलं यावर ठरतं.

आणि याच कोल्हापुरात आपल्या राज्यातला सर्वांत ठळक पुरावा सापडतो. तिथे मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा ट्रॅक आणि प्रशिक्षणाची सोय उभी केली. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या. कोल्हापूर हे काही महानगर नाही. तरी ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक अशी नावं त्या एका शहरातून राष्ट्रीय स्पर्धांमध्ये आली, आणि कृष्णराज तर ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत गेला. यांची आडनावं वेगवेगळी आहेत, शहर एक आहे. याउलट मुंबईकडे पाहा. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईत 1919 साली स्थापन झाली. जुहूच्या धावपट्टीवर शर्यती रंगल्या. मुंबईच्याच नझीर हुसेन यांनी 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू करून जगातले नामवंत चालक भारतात आणले. पण कायमचा ट्रॅक काही मुंबईच्या वाट्याला आला नाही. म्हणून 2020 मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, मुंबईचा जेहान दारूवाला, याला लहान वयातच युरोपची वाट धरावी लागली. तसं करणं किती घरांना परवडेल?

इथे कुणी म्हणेल, नुसता ट्रॅक बांधून सगळं साधत असेल तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचं काय झालं? आक्षेप रास्त आहे. 5.125 किलोमीटरचा तो भव्य ट्रॅक 2011 मध्ये सुरू झाला, तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि 2013 नंतर त्या थांबल्या. उत्तर प्रदेश सरकारने या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानलं आणि कराचे वाद उभे राहिले, हे एक कारण. पण मुळात तो ट्रॅक वरून खाली बांधला गेला होता. जगातली सर्वांत महागडी स्पर्धा आधी आली आणि शाळकरी मुलांची कार्टिंग, स्थानिक क्लब, प्रशिक्षित मार्शल हे सगळं नंतर होईल असं गृहीत धरलं गेलं. मद्रासच्या क्लबने उलट क्रम पाळला. आधी माणसं जमवली, मिळेल त्या विमानपट्टीवर शर्यती भरवल्या आणि सदतीस वर्षांनी स्वतःचा ट्रॅक बांधला. तेव्हा नुसतं डांबर ओतून भागत नाही. ट्रॅकमागे राबणारी संस्था हवी. माझा मुद्दा या उदाहरणाने कमजोर होत नाही, उलट नेमका होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्याच्या घराण्यांचं कौतुक म्हणजे पैशाचंच कौतुक, असं अनेकांना वाटतं. यातलं तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. टायर, इंजिन, इंधन, प्रवास या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि एका टप्प्यानंतर प्रायोजकाशिवाय कुणी पुढे जात नाही. पण ज्या खेळाला सामायिक मैदान नसतं तो खेळ आपोआप श्रीमंतांकडे जातो, मग तो कोणताही असो. क्लबची कार्ट दहा मुलांनी आळीपाळीने चालवली की प्रत्येकाचा खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय चालक हा या खेळातला एकच माणूस. मेकॅनिक, गाडीची तांत्रिक तपासणी करणारे, वेळ नोंदवणारे, रॅलीत शेजारी बसून वळणं वाचणारा को-ड्रायव्हर, झेंडे दाखवणारे मार्शल, रुग्णवाहिकेतले डॉक्टर अशा कितीतरी माणसांशिवाय शर्यत उभी राहत नाही. यांतली बहुतेक कामं शिकायला गाडी विकत घ्यावी लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आधीच रस्त्यावर पोरं बेफाम गाड्या पळवतात, त्यात शर्यतीचं वेड कशाला? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्ते अपघातांत गेली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या, बेसा आणि वर्धा रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आता तर नागपुरातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघतो. मोटार ताशी 120 किलोमीटरने नेण्याची मुभा आपण दिली, पण त्या वेगात ब्रेक कसा लागतो, गाडी कशी घसरते, टायर कधी दगा देतो, हे शिकवणारी जागा दिली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर तरुणांनी असाच धुमाकूळ घातला होता. तिथे 1951 साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिचा उघड हेतू होता की शर्यत रस्त्यावरून उचलून नियमांच्या आणि तपासणीच्या ठिकाणी न्यायची. ट्रॅक असला म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक बेदरकार चालक सुधारेल, असा दावा मी करणार नाही. पोलीस, दंड आणि रस्त्यांची रचना यांना पर्याय नाही. पण हेल्मेट घातलं नाही किंवा झेंड्याचा इशारा पाळला नाही तर शर्यतीतून बाहेर काढलं जातं, हे जो मुलगा बाराव्या वर्षी शिकला, त्याच्या मनात वेगाबरोबर शिस्तही रुजते. बंदीने हे काम होत नाही.

राहता राहिला प्रश्न नागपूरचा. शर्यतीची आवड विदर्भाला नवी नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, अवघ्या वऱ्हाडाला माहीत आहे. पण आमच्याकडे मोटारशर्यतीची परंपरा नाही, घराणी नाहीत, मग खेळाडू कुठून येणार, ही शंका उरते. तिचं उत्तर वर्धा रोडवरच जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर आहे. विदर्भाच्या क्रिकेटला कुणी फारसं मोजत नव्हतं. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने मैदानं सांभाळली, अकादमी चालवली, प्रशिक्षक आणले, आणि 2017-18 मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात पुन्हा जिंकला आणि 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा. कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा उमेश यादव इथूनच भारतासाठी खेळला. परंपरा आधी आणि संस्था नंतर, असा क्रम विदर्भाने पाळला नाही. संस्था आधी उभी राहिली, परंपरा आता घडते आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नागपूरला फॉर्म्युला वनचा ट्रॅक नको. मिहान किंवा बुटीबोरीच्या बाजूला, वस्तीपासून दूर, राष्ट्रीय महासंघाच्या नियमांत बसेल असा एक कार्टिंग ट्रॅक हवा आणि तो चालवणारा नोंदणीकृत क्लब हवा. जागेचा प्रश्न महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि उद्योगखातं यांनी मिळून सोडवावा. 1960 पासून अभियंते घडवणारी व्हीएनआयटी आणि शहरातली इतर अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना आपण बांधलेली गाडी चाचणीसाठी पळवायला अशी जागा लागतेच. वाहन विक्रेत्यांनी वर्षाला काही कार्ट पुरस्कृत कराव्यात आणि आयटीआयच्या मुलांना तिथे मेकॅनिक म्हणून तयार होऊ द्यावं. ज्यांच्या घरात शर्यतीचा पैसा आणि अनुभव आहे, त्यांनी आपल्या मुलापुरतं न पाहता अशा क्लबचं सभासद व्हावं. मद्रासमध्ये 1953 साली मूठभर लोकांनी एवढंच केलं होतं. त्यांपैकी कुणालाही आपला नातू फॉर्म्युला वनमध्ये जाईल हे माहीत नव्हतं, आणि त्यांचं काम त्यावर अवलंबूनही नव्हतं. नागपुरात असा क्लब उभा करण्यासाठी कुठलंही प्रसिद्ध आडनाव लागत नाही; पंधरा-वीस निष्ठावंत माणसं आणि नियमाने काम करणारी एक समिती पुरते.